सत्तावीस नंबर आणि दातार काकू

आधी माफी मागतो. दातार काकूंवर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. तो सामंत सरांचा, कारण ते गाण्यातले आहेत, किंवा काकूंच्या मुलाचा, कारण तो त्यांचा मुलगा आहे. मी त्यांना एकूण सात रविवार भेटलो. शिवाय परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चुकलं तर सांगायलाही घरी कुणी नाही. पण सामंत सर म्हणाले, "तू लिही. मी लिहिलं तर मी त्यांच्याशी किती भांडलो एवढंच येईल." म्हणून लिहितो आहे.

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या डोळे मिटून, डावा हात डाव्या कानावर दाबून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोरच्या स्पीकरवर कुणाचं तरी गाणं चालू होतं. मला वाटलं, बाईंचा कान दुखतो आहे. गाणं चांगलं रंगलेलं असताना त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

सामंत सरांनी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. तीन मिनिटं आणि एक सेकंद झाला होता. तो एक सेकंद काकूंना वाक्य सुरू करायला लागला असणार.

काकू चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. माझ्या वयाच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. पूर्वी दुसऱ्या गावी फोन करायचा तर आधी नोंदवावा लागे, मग ऑपरेटर मधे बसून जोडून देई, आणि तीन मिनिटं झाली की लाईनवर येऊन विचारी, वाढवायची का. इतकी वर्षं हे केल्यावर तीन मिनिटं काकूंच्या अंगात मुरली होती. इतर वेळीही त्या सगळं कॉलमध्ये मोजत. "चहा दोन कॉल उकळला पाहिजे, त्याशिवाय आलं उतरत नाही." "स्टेशन इथून चार कॉलवर आहे, रिक्षा कशाला?" एकदा मी उशिरा पोचलो तर म्हणाल्या, "सात कॉल उशीर. माझ्या वेळी एवढ्यात माणूस नागपूरशी भांडण मिटवून मोकळा व्हायचा."

आम्ही तिघं एकत्र आलो ते एका मोठ्या कामासाठी. बऱ्याच देशांची मिळून गाण्याची एक स्पर्धा असते. प्रत्येक देशानं एक गाणं आणि ते गाणारी मंडळी पाठवायची, गाणं तीन मिनिटांच्या आत बसवायचं. आपल्या देशाचं गाणं निवडण्यासाठी गावोगावी केंद्रं नेमली होती आणि प्रत्येक केंद्रानं एकच गाणं दिल्लीला धाडायचं होतं. आमचं केंद्र म्हणजे डोंबिवली पूर्वेला सामंत सरांच्या गायनवर्गाची खोली. परीक्षक तीन : एक संगीतातला जाणकार, एक कॉलेज विद्यार्थी, एक सामान्य श्रोता. गाण्यांना फक्त नंबर होते. कुणी गायलं, कुठून आलं, काही कळत नसे.

माझी निवड कशी झाली ते सांगायला लाज वाटते. आमच्या कॉलेजच्या मॅडमनी वर्गात विचारलं, "गाण्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा कोण आहे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणालाही सांगणार नाही अशी सही माझ्याकडून घेतली, म्हणून घरी मी रविवारी लायब्ररीत जातो असं सांगायचो. काकूंची निवड मात्र त्यांच्या अर्जामुळे झाली. सामान्य श्रोता म्हणून तुम्हालाच का घ्यावं, या प्रश्नापुढे त्यांनी एकच ओळ लिहिली होती : "चौतीस वर्षं ऐकण्याचाच पगार घेतला आहे."

पहिले पाच रविवार त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. मी "कॉलेज", सामंत सर "संगीत" आणि त्या स्वतः "जनता". "कॉलेज, पंखा वाढव. संगीत, तुम्ही जरा कमी व्हा." सामंत सर साठीचे, शिस्तीचे. त्यांना असं कुणी बोललेलं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि त्यांनीही ऐकलेलं नसावं.

प्रत्येकानं दहापैकी गुण द्यायचे होते. काकूंनी आकडे द्यायला साफ नकार दिला. "गाणं काय वजनकाट्यावर ठेवायचंय?" त्यांचे शेरे तीनच. आवडलं तर "जोडून दे". नाही आवडलं तर "तोड". मधलं काही असेल तर "लाईनवर राहा". मी ते कागदावर नऊ, दोन आणि पाच असे लिहायचो. पाच लिहिलेलं एकदा त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाच म्हणजे अर्धवट नव्हे हो. लाईनवर राहा म्हणजे कॉल लागलेला नाही, पण तुटलेलाही नाही. निम्मे लोक नेमका इथेच फोन ठेवतात आणि मग मला शिव्या घालतात."

सामंत सर आणि त्या दर रविवारी भांडत. एका गाण्यात बासरी, तबला, समुद्राची गाज, मंत्र आणि मधेच इंग्रजी रॅप होतं. तो चव्वेचाळीस नंबर. सर खूश झाले. "बघा, यात सगळा देश आला."

"आला खरा," काकू म्हणाल्या, "पण क्रॉस कनेक्शन झालंय. कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही."

"तुम्हाला रागाची ओळख आहे का?"

"आहे ना. चौतीस वर्षं लोक माझ्यावर रागावलेच होते."

सर खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसताना दिसू नयेत म्हणून वळतात, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या रविवारी सत्तावीस नंबर लागला.

आधी बँजो वाजला. आमच्या भागात हळदीला बँजो पार्टी असतेच. कल्याणपासून शीळफाट्यापर्यंतच्या कुठल्याही गावात तो आवाज आला की लहान पोर पाळण्यात पाय हलवतं. मीही पाय हलवायला लागलो. मग दुसऱ्या ओळीला बाईचा आवाज आला आणि माझा पाय थांबला.

ती माझी थोरली बहीण होती. वैशाली.

ती मानपाड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. दोघांपैकी एकानंच पुढे शिकायचं असं घरात ठरलं तेव्हा तिनं मला विचारलंसुद्धा नाही, दहावीच्या निकालानंतर सरळ कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिली. लग्नसराईत ती बँजो पार्टीत गाते हे माहीत होतं. पण हे गाणं हळदीचं नव्हतं. खोक्यांवर दूरदूरच्या देशांची नावं चिकटवणाऱ्या एका मुलीचं ते गाणं होतं. खोकं जातं, मुलगी राहते, आणि खोक्याला ती म्हणते, पोचलंस की कळव. घरी भाकरी थापताना ती हीच चाल गुणगुणायची आणि मी "ताई, अभ्यास करतोय ना!" म्हणून ओरडायचो.

गाणं संपलं. सामंत सर म्हणाले, "शब्द बरे आहेत. आवाज तर फारच चांगला. पण हा बँजो! बाहेरचे लोक म्हणतील, यांच्या देशात बाराही महिने हळदच चालू असते."

"असतेच की," काकू म्हणाल्या. "आमच्या मागच्या मैदानात येऊन बघा. जोडून दे."

"कॉलेज, तुझं?"

नियम असा होता की आवाज ओळखीचा असेल तर लगेच सांगायचं. मला नियम माहीत होता. मी म्हणालो, "दहा, सर."

काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. चहाच्या वेळी त्यांनी कुणी न विचारता एक गोष्ट सांगितली. "एकदा बोर्डावर आमच्या ह्यांच्या ऑफिसचा नंबर आला. सांगलीला, सासूबाईंकडे. नवीन लग्न झालेलं, माझ्याविषयीच बोलणं असणार. मी हेडफोन काढून शेजारच्या मुलीला दिला. आमच्यात तसा रिवाजच होता, घरचा नंबर आला की हेडफोन दुसरीला द्यायचा. ती म्हणाली, अगं, तुला ऐकायचं नाही का? म्हटलं, ऐकायचंय ना, म्हणूनच दिला."

सर म्हणाले, "कमाल आहे." मी बिस्कीट चहात बुडवून ठेवलं होतं, ते तुटून आत पडलं.

पुढचे तीन रविवार माझे फार वाईट गेले. घरी ताई म्हणायची, "काय रे सागऱ्या, दर रविवारी लायब्ररी? पुस्तकं वाचतोस का छापतोस?" मी म्हणायचो, "आणि तुझा दर शनिवारी ओव्हरटाइम?" ती भाकरी उलटायला वळायची. बाबांनी तिला सांगितलेलं, दिवाळीपर्यंत काय तो बँजो, मग स्थळं बघायची. ती म्हणाली, "एक काम अडकलंय. त्याचं काय ते कळू दे, मग मीच बंद करते." ते काम कुठल्या खोलीत, कुठल्या टेबलावर अडकलंय हे मला माहीत होतं. मी भात कालवत राहिलो.

मी स्वतःला समजावत होतो की गाणं चांगलंच आहे. काकूंनीही जोडून दिलंय. मग मी दहा दिले तर काय बिघडलं? आणि तिनं माझ्यासाठी जे केलं त्यापुढे हे काय आहे? हे सगळं मला पटायचं, पण फक्त रविवार सकाळपर्यंत.

सहाव्या रविवारी शेवटची सहा गाणी उरली होती. ती स्पीकरवर नाही, हेडफोनवर एकेकानं ऐकायची, म्हणजे बारकावे कळतात, असं सामंत सरांचं म्हणणं. हेडफोन एकच. आधी सर, मग मी, मग काकू. बेरजेत सत्तावीस आणि चव्वेचाळीस सगळ्यांच्या पुढे होते आणि सत्तावीसला किंचित आघाडी होती. ती माझ्या दहांमुळे होती.

सत्तावीस नंबर लागला. सरांनी ऐकून हेडफोन माझ्याकडे दिला. आतून बँजोचा बारीक आवाज येत होता. मी तो कानाला लावलाच नाही. हात लांब करून काकूंकडे दिला.

"काय झालं?" सर म्हणाले. "खराब झाला का?"

"नाही सर." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "घरचा नंबर आहे."

सरांना काही समजलं नाही. काकूंनी हेडफोन घेतला, मांडीवर ठेवला आणि विचारलं, "कोण?"

"बहीण. थोरली."

"केव्हापासून ठाऊक आहे?"

"पहिल्यांदा लागला तेव्हापासून."

सर उठून उभे राहिले. "म्हणजे तू ते दहा... अरे, मला वाटलं तुला बँजो आवडतो!"

"तोही आवडतो, सर."

ते खिडकीकडे वळले. यावेळी खांदे हलत नव्हते.

माझे गुण लाल पेनानं खोडले. ते मीच खोडले, कारण कागद माझ्याकडे होता. बेरीज पुन्हा केली. चव्वेचाळीस पुढे गेला. आमच्या केंद्राचं गाणं म्हणून समुद्राची गाज आणि रॅप दिल्लीला जाणार हे ठरलं. मी चपला घालायला लागलो.

"बस," काकू म्हणाल्या. त्यांनी पर्समधून चार घड्या घातलेलं नियमांचं पत्रक काढलं. आम्हा तिघांना ते पहिल्याच दिवशी मिळालं होतं. माझं मी वहीत ठेवून विसरलो होतो, सरांनी त्यावर कप ठेवला होता. काकूंनी शेवटचं पान उलगडून वाचलं : परीक्षकाच्या नात्यातलं गाणं आढळल्यास, आणि निकालापूर्वी परीक्षकानं ते आपणहून सांगितल्यास, त्याचे गुण रद्द करून ते गाणं दुसऱ्या केंद्राकडे नव्यानं ऐकण्यास पाठवावं. दुसऱ्या कुणाकडून कळल्यास गाणं बाद.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. आम्हाला खात्याचं पुस्तक पाठ असायचं."

"आणि मी... माझ्याविषयी?"

"तेही. सत्तावीस लागला की तुझा श्वास अडकतो. अरे, माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, निम्मा निरोप त्यातच असतो. चौतीस वर्षं मी तेवढाच ऐकला, पुढचं बोलणं ऐकायची परवानगीच नव्हती."

"मग मला सांगितलं का नाही काकू? तीन रविवार!"

"सांगितलं असतं तर तू नियमासाठी बोलला असतास. ते तुझं बोलणं नसतं, मी जोडून दिलेला कॉल असता."

"आणि बोललोच नसतो तर?"

काकूंनी पत्रकाच्या चारही घड्या परत घातल्या. "तर आज संध्याकाळी मी सांगितलं असतं. गाणं बाद झालं असतं आणि मला महिनाभर जेवण गेलं नसतं. चांगलं गाते रे तुझी बहीण. आता चहा टाक. दोन कॉल."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझं नाव विचारलं. वापरलं मात्र नाही.

घरी येऊन ताईला सांगितलं. सगळं तर ठरलंच होतं, आता लपवून काय उपयोग. ती आधी खूप हसली. "म्हणजे तू लायब्ररीत नव्हतास?" मग मी पुढचं सांगितलं आणि ती हसायची थांबली. "म्हणजे गप्प बसला असतास तर मी आत्ता दिल्लीला गेलेली असते?" मी म्हणालो, काकूही गप्प बसल्या असत्या तर, हो. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यावर कंपनीचं लेबल चिकटवलेलं होतं, 'काळजीपूर्वक हाताळा', असं. म्हणजे मिटलं.

सातव्या रविवारी आम्ही कागदपत्रं बांधली. निघताना काकू म्हणाल्या, "दुसऱ्या केंद्राचं काही कळलं की तू येऊन सांग. फोन नको करू, ये."

मला हसू आलं. "तुम्ही फोन नको म्हणता?"

"फोनवर मला फक्त श्वास ऐकू येतो. तोंड बघायचंय तुझं."

पत्र यायला दोन महिने गेले. दुसऱ्या केंद्रावर सत्तावीस नंबर पहिला आला होता. ताईनं ते पत्र आईला तीनदा वाचायला लावलं, आईला जमेल तसं. बाबा म्हणाले, "दिवाळी काय, दरवर्षी येते." मला त्याच दिवशी काकूंकडे जायचं होतं. पण पेपर सुरू होते. रिकाम्या हातानं कसं जायचं, पेढे घेऊन जाऊ, जरा नीट कपडे घालून जाऊ, असं करत करत मी अकरा दिवस घालवले. याची माफी कुणाकडे मागायची ते मला माहीत नाही.

दार एका गृहस्थांनी उघडलं. काकूंचा मुलगा, पुण्याला असतो. माझ्या हातातला खोका पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही कॉलेज का?"

मी हो म्हणालो.

"आई मागच्या आठवड्यात गेली," ते म्हणाले. मला बसवलं, पाणी दिलं. आजार थोडक्या दिवसांचा होता. स्पर्धेचं पत्र तिन्ही परीक्षकांना आलं होतं. काकूंचं त्यांनी दवाखान्यात वाचून दाखवलं. "आम्हाला काही संदर्भ लागेना. तिनं डावा हात कानावर ठेवला आणि म्हणाली, जोडून दिला. मी विचारलं, कुणाला कळवू का? तर म्हणाली, नको. निरोप ज्याचा त्यानं द्यायचा. कॉलेज येईल."

पेढ्यांचा खोका मी त्यांच्या जुन्या काळ्या फोनशेजारी ठेवला. त्या फोनला तारसुद्धा नव्हती. मुलगा म्हणाला, "बसा ना अजून," आणि मी बसलो. किती वेळ ते मोजता आलं नाही. मला तो हिशेब येत नाही.

ताईची पार्टी गायला दिल्लीला गेली होती. निकाल होता त्या दुपारी मी बसमध्ये होतो आणि शीळफाट्याला नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या. मोबाइल वाजला. ताई. मी उचलला आणि पलीकडे तिनं श्वास घेतला. मी सगळं लक्ष त्या श्वासावर लावलं. रडण्याचा आहे का हसण्याचा, मला काही कळेना. काकूंना कळलं असतं.

"सागऱ्या," ती म्हणाली, "आपला दुसरा नंबर आला रे."

"म्हणजे नाही?"

"नाही पण नाही. पहिलं ते आसामकडच्या पोरींचं. काय गायल्या रे, माझाच हात वर गेला टाळीला. आपलं राखीव. म्हणजे आम्हाला पण विमानातनं नेणार, तिकडे बाजूला उभं करणार, आणि त्यांचा कुणाचा घसाबिसा बसला तरच आम्ही गाणार. आता ह्याला काय म्हणू मी? बाबांना काय सांगू, लागलं का नाही लागलं?"

बसमधला एक माणूस माझ्याकडे बघत होता, कारण माझा डावा हात डाव्या कानावर होता.

"बाबांना सांग," मी म्हणालो, "लाईनवर आहे."